अंधारकाकांनी ठकीला बाहेर नेलं

माझे सासरे कोणाचेही कपडे अंधारात, डोळे मिटून, गाण्याचं एक कडवं संपायच्या आत बदलू शकतात. ही जावयाने मारलेली थाप नाही. तो त्यांचा धंदाच होता. एका नाटक कंपनीचा कपडेपट त्यांनी आयुष्यभर सांभाळला. राणी विंगेत यायची, बाहेर दोन ओळींचं संगीत वाजायचं, आणि तीच बाई भिकारीण होऊन दुसऱ्या बाजूने रंगमंचावर जायची. मधल्या काळोखात काय झालं ते फक्त सासऱ्यांच्या बोटांना माहीत. कंपनीत लहानथोर सगळे त्यांना अंधारकाका म्हणत. उजेडात हेच गृहस्थ स्वतःच्या शर्टाची बटणं वरखाली लावतात. मी एकदा तसं बोलून दाखवलं, तर म्हणाले, "उजेडात डोळे मध्येमध्ये लुडबूड करतात हो, जावईबापू."

या कामाची एक रीत असते, ती त्यांनी मला इतक्या वेळा सांगितली आहे की मी झोपेतही सांगू शकेन. नटाने हात पसरून पुतळ्यासारखं उभं राहायचं. कपडे समोरून साधेच दिसतात, पण पाठीत उभे चिरलेले असतात आणि आतून टिचबटणं लावलेली असतात. एक हिसका दिला की राणी गळून पडते, आत भिकारीण तयारच असते. उतरलेला कपडा कवटाळून बसायला वेळ नसतो, तो न बघता मागे भिरकावायचा. मागे झेलायला माणूस असतो. सासऱ्यांच्या मागे एक ऐसपैस बाई एप्रन पसरून उभ्या असत, त्यांना सगळे झोळीबाई म्हणत. पुढचा कपडा हवा असला की हात मागे करायचा आणि त्याचं नाव घ्यायचं. कपडा हातात येतो. हे झालं नाटकातलं. पुढे गुडघ्यांनी संप पुकारला, विंगेत उकिडवं बसणं जमेना, तेव्हा सासरे कंपनी सोडून आमच्याकडे राहायला आले, आणि येताना ही रीतही घेऊन आले.

मी कामावरून घरी यायचो. दारात पाऊल टाकलं की अंगातलं जाकीट नाहीसं व्हायचं. सासरे मागून येऊन ते इतक्या अलगद काढायचे की मला थंडी वाजल्यावरच कळायचं. मग ते खुशीत आत निघून जायचे आणि जाकीट छत्र्यांच्या बादलीत पडलेलं असायचं. मी मूग गिळून ते उचलायचो. आपल्या सासऱ्यांना 'अहो, तुम्ही माझं जाकीट बादलीत टाकता' असं सांगणारा जावई अजून जन्माला यायचा आहे.

जन्माला आली ती ठकी. नाव ठरेपर्यंत ठकी म्हणायचं असं ठरलं आणि बाकीची सगळी नावं तिथेच मागे पडली. वजनाने माझ्या हत्यारांच्या पिशवीच्या निम्मीसुद्धा नाही (मी लिफ्ट दुरुस्त करतो), पण तिच्यामुळे घरातल्या धडधाकट माणसांची जी तारांबळ उडाली ती विचारू नका. त्यात आमच्याकडचं हवामान. सकाळी धुकं, चहा होईस्तोवर ऊन, आंघोळ करून येईस्तोवर पाऊस, आणि छत्री शोधून काढली की पुन्हा ऊन. इथली माणसं स्वेटर कमरेला बांधून, छत्री काखेत मारून आणि टोपी खिशात कोंबून हिंडतात. मोठ्यांचं ठीक आहे, त्यांना घाम आला की शिव्या देता येतात. ठकीला फक्त रडता येत होतं, आणि उकडल्याचं रडणं, गारठल्याचं रडणं आणि उगाचचं रडणं ही तिन्ही रडणी माझ्या कानांना सारखीच लागायची.

माझ्या बायकोचं मात्र तसं नव्हतं. ती शहराच्या पिण्याच्या पाण्याची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. अंदाज, साधारण, बहुतेक असले शब्द तिच्यासमोर उच्चारायची सोय नाही. ठकीच्या बाबतीत तिचा नियम पक्का होता. हातपाय गार लागले तरी घाबरायचं नाही. मानेमागे दोन बोटं लावून बघायची. मान कोमट आणि कोरडी म्हणजे बाळ ठीक. ओलसर म्हणजे कपडे जास्त झाले, गार म्हणजे कमी पडले. गळ्याशी नाडी, रिबीन, लोंबतं काहीही नको. घरात शिरलं की टोपडं काढायचं. मला विचाराल तर नियम चांगलाच आहे, पण दिवसातून इतक्या वेळा ती माझ्याही मानेला बोटं लावायची की मला आपली नळाखालच्या बाटलीसारखी तपासणी होते आहे असं वाटायला लागलं.

आता मुद्द्याचं. बायकोची रजा कधीतरी संपणार होती. ठकीला दुपारी दूध पाजायचं तर दोन वाटा होत्या. एक म्हणजे प्रयोगशाळेला लागून असलेलं पाळणाघर. तिथली जागा आधीच धरून ठेवावी लागते आणि तिथल्या बाई हो किंवा नाही सांगा म्हणून मागे लागल्या होत्या. दुसरी वाट म्हणजे ठकीने सासऱ्यांजवळ घरी राहायचं आणि रोज दुपारी त्यांनी तिला बसने आईकडे न्यायचं. ही दुसरी वाट सासऱ्यांनीच सुचवली. सुचवली कसली, हट्टच धरला. म्हातारा माणूस एखाद्या गोष्टीसाठी इतका आसुसलेला मी पहिल्यांदा पाहिला. जेवताना घास हातात तसाच राहायचा आणि नजर पाळण्याकडे.

"बाबा, तुम्हाला बाळाचं काय कळतं?" बायको म्हणाली.

"कपड्यांचं तर कळतं ना? आणि बाळ म्हणजे काय गं, आखूड नट."

"मी आखूड होते तेव्हा कुठे होतात तुम्ही?"

"दौऱ्यावर," सासरे म्हणाले. खोटं बोलणं त्यांना जमतच नाही.

"मग?"

मी पंख्याकडे बघत बसलो. माझ्या बायकोचा तिच्या वडिलांवर राग आहे, आणि तो मी तिला ओळखतो तेव्हापासून आहे. वडील चार दिवस यायचे, खेळणी आणायचे, हसवायचे आणि पुन्हा जायचे. तिच्या आईने एकटीने सगळं केलं. आई काही वर्षांपूर्वी गेली, राग राहिला. त्या रागाला काही तोंडात मारण्यासारखं उत्तर असतं तर सासऱ्यांनी दिलं असतं. पण त्यांना मुलीचं म्हणणं पटलेलंच होतं.

"एकदा बघ तरी," ते म्हणाले. "एकदाच. नाही जमलं तर पाळणाघर."

म्हणून परीक्षा ठरली. बायको सकाळीच पुढे जाऊन प्रयोगशाळेच्या कँटीनमध्ये बसणार. सासऱ्यांनी ठकीला घेऊन एकट्याने यायचं. कँटीनमध्ये मानेची तपासणी होणार. कोमट आणि कोरडी असेल तर ठकी आजोबांची, नाहीतर तिथूनच पाळणाघराला फोन.

आदल्या दिवशी बायकोने मला स्वयंपाकघरात बोलावून दार लोटलं. "तू मागून जायचंस."

"कोणाच्या?"

"बाबांच्या. लपून. बोलायचं नाही, मदत करायची नाही. ठकीचं काही बिनसतंय असं दिसलं तरच मध्ये पडायचं."

"मी लिफ्ट दुरुस्त करतो. हेरगिरी नाही."

"एक दिवस लोक जिने चढतील," ती म्हणाली आणि बाळाचं अर्धं कपाट भरलेली पिशवी माझ्या गळ्यात अडकवली.

तिकडे सासऱ्यांनी शिवणयंत्र काढलं होतं. दुपारभर घरात खडखडाट चालला. संध्याकाळी त्यांनी जे समोर ठेवलं ते बघून मी कपाळावर हातच मारला. ठकीसाठी त्यांनी पाठीत उघडणाऱ्या, बिनबाह्यांच्या अंगरख्यांचा एक संचच केला होता. सर्वांत आत साधं सुती झबलं. त्यावर फ्लॅनेल. त्यावर लोकर, जिच्या टोपीला सशाचे कान होते, कारण "नायिकेला थोडा थाट हवा." आणि सगळ्यात वर मेणकापडाचा पावसाळी अंगरखा. सगळे टिचबटणांनी एकावर एक बसलेले. बाळाला डाव्या हातावर पालथं घ्यायचं, पाठ वर येते, उजव्या हाताने वरचं टोक धरून हिसका द्यायचा. टप् टप् टप्, आणि एक ऋतू उतरला.

तालीम उशीवर झाली. मग माझ्यावर झाली. न्हाणीघरात, दिवा बंद करून. ठकीवर मात्र नाही. "नायिका तालमीला येत नसते," सासरे म्हणाले, "ती थेट प्रयोगालाच येते." त्यानंतर त्यांनी रेडिओला कान लावून हवामानाचा अंदाज ऐकला: सकाळी रिमझिम, मग गारवा, मग उबदार आणि दुपारी कडक ऊन. रेडिओ बंद करून ते समाधानाने म्हणाले, "संहिता मिळाली."

"बाबा, तो अंदाज असतो."

"लिहून वाचला ना त्यांनी? मग झालं तर. लिहिलंय तसं होणार."

दुसऱ्या दिवशी सगळं लिहिल्यासारखं सुरू झालं. बारीक रिमझिम होती. सासरे ठकीला घेऊन निघाले, मागून मी, टोपी नाकापर्यंत ओढून, पिशवी पोटाशी धरून. शेजारच्या काकूंनी मला ओळखून हाक मारलीच. मी जिन्याखाली दडलो आणि त्यांना हातानेच 'नाही, मी नाही' अशी खूण केली. त्या अजून माझ्याशी जरा जपूनच बोलतात.

चौकात पोचेपर्यंत रिमझिम थांबली. सासरे सायकलवाल्याच्या दुकानासमोर उभे राहिले. ठकीला हातावर पालथी घेतली आणि डोळे गच्च मिटले. सायकलवाला घाबरून उठला. त्याला वाटलं म्हाताऱ्याला भोवळ आली. तेवढ्यात टप् टप् टप् झालं, पावसाळी अंगरखा सुटला, आत सशाचे कान उभे. सायकलवाल्याने टाळ्याच वाजवल्या. सासऱ्यांनी डोळे उघडून मान किंचित लववली, आणि चालू लागले.

अंगरखा त्यांनी मागे भिरकावला होता.

तो एका झोपलेल्या कुत्र्यावर जाऊन पडला. कुत्रं दचकून उठलं, त्याचं डोकं नेमकं काखेच्या भोकातून बाहेर आलं, आणि अंगरखा घालून ते चालायला लागलं. मी 'यू यू' करत त्याच्या मागे. त्याला तो फार आवडला असावा, कारण ते द्यायला तयार नव्हतं. लोक थांबून बघत होते. एक बाई दुसरीला म्हणाली, "बघ ना, कुत्र्याचे किती लाड करतात एकेक." बिस्किटाचा अख्खा पुडा विकत घेऊन त्याला खाऊ घातला तेव्हा कुठे अंगरखा सुटला, आणि मी धापा टाकत सासऱ्यांना गाठलं.

तोवर पुलाजवळ हवा उबदार झाली होती. पुन्हा डोळे मिटले, पुन्हा टपटप, आणि लोकर हवेत उडाली. या वेळी मी ती अधांतरी झेलली. खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटलं. आजूबाजूला कोणी पाहिलं का म्हणून मी बघितलंसुद्धा.

बसमध्ये कोंडलेली हवा होती. सासरे पुढच्या बाकावर, मी चार रांगा मागे, वर्तमानपत्र उलटं धरून. ठकी कुरकुरायला लागली तसं सासऱ्यांनी तिच्या मानेमागे दोन बोटं लावली, अगदी लेकीसारखी. डोळे मिटले. फ्लॅनेल मागच्या बाकावर झोपलेल्या एका टकल्या गृहस्थांच्या डोक्यावर जाऊन बसलं. त्यांनी झोपेतच ते हनुवटीपर्यंत ओढून घेतलं आणि चेहऱ्यावर इतकं सुख पसरलं की मला ते काढून घेणं जिवावर आलं. पण काढलं. ते जागे झाले आणि म्हणाले, "आई?" मी "नाही" म्हटलं आणि मागच्या दाराकडे सटकलो.

इथपर्यंत सगळं संहितेप्रमाणे होतं. ठकी सुती झबल्यात होती, वर आता कडक ऊन पडायचं होतं. सासरे बसमधून उतरले ते असे, की आता फक्त पडदा पडायचा बाकी आहे. आणि नदीकडून वारा आला.

साधासुधा नव्हे. थांब्याच्या छपराचा पत्रा थडथडला, ऊन बघताबघता पुसलं गेलं, एक काळाकुट्ट ढग समोरच्या इमारतीवरून डोकावला. सासऱ्यांनी वर बघितलं आणि चुकीच्या प्रवेशात घुसलेल्या नटाला झापावं तसं ढगाला झापलं, "अहो! तुमचं काय काम आहे आत्ता? जा आत!"

ढग गेला नाही. ठकीचा खालचा ओठ बाहेर आला. हे तिचं उगाचचं रडणं नव्हतं. पहिल्यांदाच मला फरक कळला. सासऱ्यांनी तिला छातीशी धरलं आणि स्वतःच्या हातांकडे बघितलं. डाव्या हातात ठकी होती. उजवा रिकामा होता. त्यांचा चेहरा एवढासा झाला. मी थांब्याच्या बाकाला लागून असलेल्या जाहिरातीच्या फळीमागे उभा होतो आणि मला त्यांची इतकी कणव आली की टोपी काढून पुढे जावं असं वाटलं. पण ते माझ्याकडे बघतच नव्हते. त्यांनी बाकावर बैठक मारली, ठकीला मांडीवर पालथी घेतली, डोळे गच्च मिटले, आणि उजवा हात मागे केला.

"लोकर!"

मी हाताकडे बघत राहिलो. बोटं हलली.

"लोकर!"

बायकोने बजावलेलं, परीक्षा, हेरगिरी, सगळं गेलं खड्ड्यात. मी फळीमागून वाकून लोकर त्या हातात ठेवली. हात पुढे गेला, टप् टप् टप्, सशाचे कान उभे राहिले. ठकी गप्प झाली. तेवढ्यात थेंब सुरू झाले. हात पुन्हा मागे.

"पाऊस!"

आता आली का पंचाईत. पावसाळी अंगरख्यावर कुत्र्याचे केस होते. मी ते बाहीने खसाखसा पुसायला लागलो.

"झोळीबाई, हात चालवा!" सासरे मिटल्या डोळ्यांनी खेकसले.

"हो, काका," मी म्हणालो. का कोण जाणे, पण बाईच्या आवाजात म्हणालो. थांब्यावर उभा असलेला पोस्टमन माझ्यापासून दोन पावलं लांब सरकला.

अंगरखा चढला. सासऱ्यांनी डोळे उघडले, नायिका तयार आहे हे पाहिलं आणि ताडताड निघाले. कपडे आले कुठून हा प्रश्न त्यांना पडलाच नाही. हात मागे केला, कपडा आला. आयुष्यभर येतच होता.

कँटीनमध्ये बायको खिडकीजवळच्या टेबलाशी बसली होती, हात धुऊन, बाह्या सारून. मी मागच्या दाराने शिरून चहाच्या खिडकीशी उभा राहिलो. सासऱ्यांनी पावसाळी अंगरखा उतरवला. या खेपेला तो शेजारच्या खुर्चीवर पडला, म्हणून निभावलं. बायकोने ठकीच्या मानेमागे दोन बोटं लावली. मग दुसऱ्या हाताची दोन लावली. बाहेर पाऊस कोसळत होता आणि तिचं बाळ कोमट आणि कोरडं होतं. तिला हे अपेक्षित नव्हतं. तिने उगाच अंगरखा उचलून उलटासुलटा पाहिला.

"हा केस कसला?"

"माझा असेल," सासरे म्हणाले. त्यांचे सगळे पांढरे आहेत. हा तपकिरी होता.

बायकोने केसाकडे पाहिलं, वडिलांच्या डोक्याकडे पाहिलं, ठकीकडे पाहिलं. "बरं," ती शेवटी म्हणाली. "पास." शब्द तोंडातून बाहेर पडायला त्रास झाला, पण पडला. सासरे असे फुलले, की त्यांच्या शर्टाचं वरखाली लागलेलं एक बटण तटकन सुटलं. बायकोने पाळणाघराला कळवायला फोन हातात घेतला.

तिथेच थांबले असते तर काम झालं होतं. पण कँटीनमध्ये चहाच्या वाफा कोंडल्या होत्या आणि ठकीचे गाल लाल व्हायला लागले. सासऱ्यांच्या ते बरोबर लक्षात आलं. पास झालेल्या माणसाच्या थाटात त्यांनी तिला हातावर पालथी घेतली, डोळे मिटले, हिसका दिला, आणि लोकर मागे भिरकावली. ती फरशीवर, कोणाच्या तरी सांडलेल्या चहात पडली. चप्प असा आवाज झाला.

हात मागे आला. "फ्लॅनेल!"

फ्लॅनेल माझ्या पिशवीत होतं. पण मध्ये तीन टेबलं होती आणि बायको सरळ माझ्याकडे बघत होती. मी जागचा हललो नाही.

"फ्लॅनेल!"

बोटं हलली, थांबली. सासऱ्यांनी डोळे उघडले आणि मी त्यांना ओळखतो तेव्हापासून पहिल्यांदाच मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. खाली चहात सशाचे कान भिजत पडले होते. त्यांनी नजर वर केली तर तीन टेबलांपलीकडे मी, हातात कप, आणि पिशवीतून लोंबणारी फ्लॅनेलची कड.

"जावईबापू, कधीपासून मागे आहात?"

"घरापासून."

"लोकर तुम्ही दिलीत?"

"हो."

"आणि पावसाळी?"

"तोही. कुत्र्याच्या अंगावरून काढून."

"कुठला कुत्रा?" बायकोने विचारलं.

सासरे खुर्चीवर बसले. बायकोने ठकीला त्यांच्या हातातून घेतलं आणि पाजायला घेतलं.

"नापास कर मला," सासरे म्हणाले.

"बाबा..."

"नाही, कर. मला वाटत होतं, हे मला येतं. मी मागे टाकत गेलो, आणि काही पडल्याचा आवाज कधी आलाच नाही गं. मला वाटायचं टाकलेलं आपापल्या जागी जातं. घरीसुद्धा तसंच. मी दौऱ्यावर जायचो, परत यायचो, तर सगळं जागच्या जागी. तू वीतभर वाढलेली असायचीस. तुझे ताप येऊन गेलेले असायचे, शाळा सुरू झालेली असायची. कोण झेलतंय ते मी एकदाही वळून बघितलं नाही." त्यांनी चष्मा काढून पुसला, उलट्या बाजूने घातला, पुन्हा काढला. "तुझी आई झेलत होती."

मी आमच्या संसारात बायकोला फार वेळा रडताना पाहिलेलं नाही. त्या दिवशी पाहिलं. आवाज न करता रडत होती, ठकीला हिसका बसू नये म्हणून. इतकी वर्षं तिला वडिलांकडून जे ऐकायचं होतं ते हेच होतं, आणि ते कँटीनमध्ये, सांडलेल्या चहाशेजारी तिला ऐकायला मिळालं. तिच्याबरोबर माझेही डोळे भरून आले. मी चहाच्या खिडकीकडे तोंड करून आणखी एक चहा मागितला.

थोड्या वेळाने तिने एका हाताने डोळे पुसले आणि पाळणाघराच्या बाईंना फोन लावला. "जागा नको आम्हाला. हो, नक्की. दुसऱ्या कोणाला द्या." फोन ठेवून ती वडिलांकडे वळली, आणि तिचा आवाज पुन्हा पाणी तपासणाऱ्या बाईचा झाला.

"नापास आहात."

"हो," सासरे म्हणाले.

"उद्या परत यायचं ठकीला घेऊन. परवाही. माझी रजा संपेपर्यंत रोज. आणि मागून हा येणार नाही, मी येणार."

"तू?" सासऱ्यांचा चेहरा उजळला.

"मी. पण मी काही झेलणार नाही, बाबा. खाली पडलं, तर तुम्हीच उचलायचं."

सासऱ्यांनी मान डोलावली. मग टेबलाला धरून ते उठले, कुरकुरणारे गुडघे एकेक करून वाकवले आणि चहात भिजलेली लोकर फरशीवरून उचलली. वेळ लागला, पण उचलली.